कोकम बटरचं बॉडी लोशन: एकदा चोथापाणी, एकदा रवाळ. कुठे चुकतंय?

कोयरी

कोकम बटर घालून बॉडी लोशनचे दोन घाणे केले, दोन्ही बिघडले. बिघाड दोन्ही वेळचा वेगळा आहे, म्हणून सगळं मापासकट देते. वजनं ग्रॅममध्ये, एकूण १००.

पाणी (बोअरचं, उकळून गार केलेलं) ६२, घरच्या कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून १०, ग्लिसरीन ४, कोकम बटर ८, खोबरेल ६, तिळाचं तेल ३, ग्लिसरील मोनोस्टिअरेट एसई (इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी बांधणारा घटक) ४, स्टिअरिक अॅसिड २, सोडियम बेंझोएट (नासू नये म्हणून संरक्षक) ०.५, व्हिटॅमिन ई ०.५.

कृती: तेलं, बटर आणि स्टिअरेट डबल बॉयलरवर वितळवलं. पाणी, गर आणि ग्लिसरीन कोमट केलं. दोन्ही एकत्र करून हँड ब्लेंडर सलग दहा मिनिटं. बरणी ओट्यावरच गार होऊ दिली.

पहिला घाणा: आधी श्रीखंडासारखा दाट झाला. पीएच पट्टीवर साधारण ७ आला. बेंझोएटला ५ लागतो असं वाचलं होतं म्हणून सायट्रिक अॅसिडचे खडे थेट घातले. ढवळता ढवळता ताकासारखं पातळ झालं, तिसऱ्या दिवशी तळाला पाणी.

दुसरा घाणा: सायट्रिक अजिबात नाही. फुटलं नाही, पण पाचव्या दिवसापासून बोटाला कणी लागते. चोळलं की अंगावर पांढरा फेस येतो, तो जिरायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी झाकणाच्या आत काळे ठिपके आणि आंबूस वास.

पॉलिसॉर्बेट ८० हा दुसरा इमल्सिफायर घरात आहे. ते घालून काही होईल का? दिवाळीला नातेवाइकांना द्यायचं आहे, तोवर नीट जमायला हवं.

वरणभात

इमल्सिफायर कमी पडतोय. मधमाश्यांचं मेण ३ ग्रॅम घाला, घट्ट होईल आणि पाणी सुटणार नाही. ब्लेंडरही अजून पाच मिनिटं चालवा.

मथणी

वरणभात, दोन्ही सल्ले उलटे पडतील. मेणाने दाटपणा येतो, पण मेण एकटं पाणी आणि तेल बांधत नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत बोरॅक्स असायचा. बोरॅक्स मेणातल्या मेदाम्लाशी मिळून साबण तयार करतो आणि बांधायचं काम तो साबण करतो. नुसतं मेण घातलं तर फुटलेलं लोशन घट्ट होऊन फुटलेलंच राहील.

कोयरीताई, तुमच्या पहिल्या घाण्याचं उत्तर "एसई" या दोन अक्षरांत आहे. साधं ग्लिसरील मोनोस्टिअरेट पाण्यात तेल धरून ठेवायला कमकुवत असतं. म्हणून एसई प्रकारात थोडा साबण, म्हणजे पोटॅशियम किंवा सोडियम स्टिअरेट, मुद्दाम मिसळलेला असतो. तेलाच्या थेंबांभोवती ऋणभाराचं कवच हा साबण करतो. त्याच भारामुळे थेंब एकमेकांना ढकलत राहतात आणि एकत्र येत नाहीत. त्यात आम्ल टाकलं की साबणाचं परत स्टिअरिक अॅसिड होतं, भार जातो, कवच जातं. दुधात लिंबू पिळावं तसं. तुमचं लोशन ढवळता ढवळता पातळ झालं ते त्याच मिनिटाला मेलं होतं. तळाला पाणी दिसायला तीन दिवस लागले, इतकंच.

त्यात खडे थेट घातल्यामुळे प्रत्येक खड्याभोवती काही क्षण पीएच २-३ च्या आसपास गेला असणार. सायट्रिक नेहमी १० टक्के द्रावणातून घालायचं: १ ग्रॅम सायट्रिक, ९ ग्रॅम पाणी, आणि थेंबाथेंबाने. पण एसई वापरत असाल तर हळू घालूनही उपयोग नाही, शेवट तोच.

दुसरा संशयित बोअरचं पाणी. उकळल्याने जंतू मरतात, थोडा क्षार किटलीला चिकटतो, बाकीचं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तसंच राहतं. हे क्षार त्या साबणातल्या स्टिअरेटला पकडून न विरघळणारा साबण करतात. बादलीच्या कडेला जी चिकट पांढरी रेघ बसते, ती हीच. म्हणजे सायट्रिक घालायच्या आधीच तुमचा काही इमल्सिफायर क्षारांनी खाल्ला होता. कोरफडीच्या गरातही क्षार असतात आणि गर मुळात आंबट असतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा उचललाच.

आता दुसरा घाणा का नासला. बेंझोएटला ५ पीएच लागतो हे तुम्ही बरोबर वाचलंत. जंतूंच्या आत शिरतं ते बेंझोइक अॅसिड, बेंझोएट नाही. त्या आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं आम्लरूपात असतं तो आकडा, ४.२ आहे. पीएच ५ ला घातलेल्यापैकी साधारण १४ टक्के आम्लरूपात असतं, पीएच ७ ला जेमतेम ०.१६ टक्का. म्हणजे दुसऱ्या घाण्यात संरक्षक असून नसल्यासारखा होता, आणि वर ताज्या गराची मेजवानी.

थोडक्यात, तुमचा इमल्सिफायर आणि तुमचा संरक्षक एका बरणीत नांदूच शकत नाहीत. एकाला पीएच ७ हवा, दुसऱ्याला ५. दोघांपैकी एक बदला. माझं मत विचाराल तर दोन्ही बदला.

पाव_किलो

मथणींनी फुटण्याचं सांगितलं, मी कणीवर लिहितो.

आधी कणी कसली आहे ते ओळखा. चिमूटभर लोशन दोन बोटांत घेऊन हलकेच चोळा. कणी अंगाच्या उबेने दहा-पंधरा सेकंदांत विरघळून तेलकट झाली, तर ती बटरची. कडक राहिली, नखाने दाबल्यावर पापुद्र्यासारखी मोडली, तर स्टिअरिक किंवा मेणासारखं काहीतरी नीट न वितळता बसलंय. बुळबुळीत आणि पारदर्शक असेल तर झँथनसारख्या डिंकाची गुठळी, पण तुमच्या कृतीत डिंक नाही.

हेही करा: काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात वाटाण्याएवढं लोशन टाका आणि ढवळू नका. कडेने दुधाळ धूर सुटत गेला तर बाहेरचा भाग पाण्याचा आहे आणि इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याची बांधणी, जिवंत आहे. गोळा तसाच तरंगला किंवा वर तेलाचे डोळे दिसले तर आतून फुटलंय, वरून कितीही छान दिसो.

कोयरी

दोन्ही करून पाहिलं. कणी दोन प्रकारची निघाली. बहुतेक उबेने विरघळली, पण काही बारीक पांढरे पापुद्रे तसेच राहिले. पेल्यात दुधाळ धूर सुटला, मात्र वर दोन-तीन तेलाचे ठिपके आले.

पाव_किलो

मग चित्र स्पष्ट आहे.

पापुद्रे म्हणजे स्टिअरिक आणि ग्लिसरील मोनोस्टिअरेट. शुद्ध स्टिअरिक ६९ अंशांच्या आसपास वितळतं. बाजारातलं पामिटिकमिश्रित असतं, ते त्याआधी वितळतं. वितळवलंत तुम्ही बरोबर, पण ओतलंत कोमट पाण्यात. गरम मेण कोमट पाण्याला टेकलं की जागच्या जागी थिजतं, ब्लेंडर त्याचा फक्त चुरा करतो. दोन्ही भाग ७० ते ७५ अंशांवर हवेत, आणि ओतताना एकमेकांपासून पाचेक अंशांच्या आत. अंदाज नको, थर्मामीटर लावा.

विरघळणारी कणी कोकमची. रवाळ तूप कसं करतात आठवा: कढवून झालं की हलवायचं नाही, हळूहळू गार होऊ द्यायचं. हळू गार झालं की स्फटिकांना मोठं व्हायला वेळ मिळतो. तुपात तो गुण, लोशनमध्ये दोष. कोकमच्या चरबीत एकाच साच्याचे रेणू फार, दोन बाजूंना स्टिअरिक आणि मधे ओलेइक. एकसारखे असल्यामुळे ते रचून बसतात आणि कडक होतात. म्हणून तर मुठेलाचा (कोकम बटरचाच) गोळा कोकणात उन्हाळ्यातही घट्ट राहतो आणि टाचेवर घासावा लागतो. वितळणबिंदू ३८ ते ४२ च्या आसपास. तुमच्या बरणीत अशी ८ टक्के चरबी ओट्यावर सावकाश गार झाली.

यात एक जास्त त्रासाचा भाग आहे. थेंबाच्या आत वाढलेला स्फटिक सुईसारखा थेंबाच्या कवचातून बाहेर येतो आणि शेजारच्या थेंबात घुसतो. दोन थेंब जोडले जातात, मग तिसरा, चौथा. साय घुसळून लोणी निघतं ते अगदी असंच: गार सायीतल्या स्निग्धाचे स्फटिक एकमेकांना भोसकतात. पेल्यात दिसलेले तेलाचे ठिपके या कारणाचे असू शकतात. म्हणजे कणी ही नुसती बोटाची तक्रार नव्हे, पुढच्या फुटीची पहिली खूण आहे.

खोबरेलही यात भर घालतं. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात रात्री थिजणार, दुपारी वितळणार, रोज. मुंबईत हे त्यामानाने कमी जाणवेल. दिवाळीत द्याल आणि लोक जानेवारीपर्यंत वापरतील, तेव्हा याचा विचार आत्ताच करा.

उपाय: कोकम ८ वरून २ वर आणा, फार तर ३. त्वचेला लागणारा मऊपणा तेवढ्यात येतो. वितळवताना ७५ अंशांवर १५-२० मिनिटं धरून ठेवा, म्हणजे जुन्या स्फटिकाचं बीज उरत नाही. गार करताना भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून सतत ढवळत ४० पर्यंत आणा. वरणभात यांची पाच मिनिटं जास्त ब्लेंडरची सूचना मात्र बाजूला ठेवा. दहा मिनिटंच जास्त झाली आहेत, त्यात हवा किती गेली असेल.

सोळाआणे

पांढऱ्या फेसाचं राहिलंय ना? तीन कारणं, तीनही तुमच्यात आहेत: स्टिअरिक २ टक्के, एसईमधला साबण आणि ब्लेंडरची हवा. स्टिअरिक काढा आणि त्याजागी सेटिल अल्कोहोल (नाव अल्कोहोल, पण मेणासारखं घट्ट असतं) १ टक्का घाला. तेही प्रमाण वाढलं की फेस देतं, पण १ वर चालतं. तरीही राहिला तर डायमेथिकोन हे सिलिकोन १ टक्का, म्हणजे फेस मोडतो. सिलिकोन नको असेल तर तेलातलं २ ग्रॅम काढून आयसोप्रोपिल मायरिस्टेट घ्या. ग्लिसरीन ४ ठीक आहे, ७-८ ला चिकटपणा येतो.

हवेचं माप घेता येतं. लोशन मोजपात्रात १०० मिली भरा आणि वजन करा. ९५ ग्रॅमच्या वर असेल तर ठीक. ८५ आलं तर तुम्ही लोशन नाही, मूस केलंय. तो दाटपणा खोटा असतो, आठवड्यात बसतो आणि आपल्याला वाटतं लोशन पातळ झालं.

मथणी

पॉलिसॉर्बेटचा प्रश्न राहिला होता. एसईचं पाकीट फेकायची गरज नाही, हिशेब करून वापरता येतं.

ग्रिफिन या रसायनतज्ज्ञाने १९४९ साली इमल्सिफायरसाठी एचएलबी नावाचा आकडा मांडला. कमी आकडा म्हणजे तेलाकडे ओढा, जास्त म्हणजे पाण्याकडे. ग्लिसरील मोनोस्टिअरेट, साबण वगळून, ३.८. पॉलिसॉर्बेट ८० चा १५. तुमच्या तेलांना पाण्यात बसवायला साधारण ७ ते ८ लागतो, तिळाला ७ आणि खोबरेलाला ८. आता ३ ग्रॅम ग्लिसरील मोनोस्टिअरेट आणि २ ग्रॅम पॉलिसॉर्बेट धरा: (३ गुणिले ३.८) अधिक (२ गुणिले १५), भागिले ५. उत्तर ८.३. सेटिल अल्कोहोल धरलं की गरज जराशी वर सरकते, म्हणजे अगदी जवळ बसतं. पॉलिसॉर्बेटला भार नसतो, म्हणून आम्ल आणि क्षार दोन्ही ते सोसतं. साबण मेला तरी ही जोडी उभी राहते.

दोन सावधगिऱ्या. एचएलबी प्रमाण सांगतो, एकूण किती घालायचं ते सांगत नाही. तेलाच्या भागाच्या पाव ते तिसरा हिस्सा धरून चाला. आणि पॉलिसॉर्बेट ३ च्या पुढे नेलंत तर अंग चिकट लागेल.

पाकीट संपलं की पुढच्या वेळी सरळ भार नसलेलं तयार इमल्सिफाइंग वॅक्स घ्या, सेटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६० चं. १०० ग्रॅमला ५ ग्रॅम. एवढा हिशेब करायची वेळच येत नाही.

आता १०० ग्रॅमची नवी मांडणी:

पाण्याचा भाग: क्षारमुक्त पाणी ७५.५, ग्लिसरीन ४, झँथन ०.२.
तेलाचा भाग: तीळतेल ८, खोबरेल ३, कोकम बटर २, स्टिअरेट एसई ३, पॉलिसॉर्बेट ८० २, सेटिल अल्कोहोल १.
गार झाल्यावर: फिनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्झिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण १, व्हिटॅमिन ई ०.३.

हा संरक्षक पीएच ७ लाही काम करतो, म्हणून पीएचची मारामारी संपली. तरी त्वचेसाठी ५.५ च्या आसपास आणायचा असेल तर १० टक्के सायट्रिक थेंबाथेंबाने घाला, या मांडणीत चालेल, फक्त जरासं पातळ होईल. पट्टी थेट लोशनमध्ये बुडवू नका, १ ग्रॅम लोशन ९ ग्रॅम क्षारमुक्त पाण्यात हलवून मग बुडवा. फिनॉक्सीइथेनॉल एकूण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि व्हिटॅमिन ई ला संरक्षक समजू नका. ते तेल खवट होणं लांबवतं, बुरशीला काही करत नाही.

कोरफड पूर्ण बंद. दिवाळीपर्यंत टिकणाऱ्या बरणीत ताजा गर म्हणजे चटणीत पाणी घालून महिनाभर ठेवण्यासारखं.

कृतीत चार गोष्टी सांभाळा. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी, नाहीतर गुठळ्या. पाण्याचं भांडं गरम करण्याआधी वजन करून ठेवा, २० मिनिटांनी परत करा आणि उडालेलं पाणी भरून काढा. छोट्या घाण्यात ४-५ ग्रॅम सहज उडतं, आणि मग "सारखीच कृती, पण दर वेळी वेगळा दाटपणा" अशी तक्रार होते. ब्लेंडरची घंटा (पात्यांभोवतीचं टोक) तिरकी बुडवा, आतली हवा बुडबुड करून बाहेर पडू द्या, मग सरळ करून तळाशी टेकवूनच सुरू करा. २०-३० सेकंदांच्या पाच-सहा फेऱ्या पुरेत, नंतर फक्त उलथन्याने ढवळायचं. आणि १०० ग्रॅममध्ये घंटा बुडतच नाही, तेव्हा ३०० ग्रॅमचा घाणा अरुंद, उंच भांड्यात करा.

वरणभात

मेणाचं मागे घेतो. पण फुटलेला पहिला घाणा परत जोडता येईल का? माल वाया जातोय.

मथणी

फुटून एक-दोन दिवस झाले असते तर ७५ ला तापवून, २ ग्रॅम पॉलिसॉर्बेट घालून परत फिरवलं असतं. आता नाही. वास नसला तरी गर घातलेलं कित्येक आठवड्यांचं पाणी त्यात आहे, आणि जंतू तापवून मेले तरी त्यांनी केलेली घाण तशीच राहते. दुसरा घाणा तर काळे ठिपके दिसले त्याच दिवशी संपला. ठिपके पुसून वापरू नका.

कोयरी

एसई, पाणी आणि कोकम तिन्ही लक्षात आलं. क्षारमुक्त पाणी कुठलं घेऊ? पेट्रोल पंपावर बॅटरीचं मिळतं ते चालेल? घरी आरओ पण आहे. आणि देण्याआधी टिकेल की नाही हे कसं तपासू?

सोळाआणे

बॅटरीच्या पाण्यात क्षार नसतात, पण ते त्वचेसाठी भरलेलं नसतं आणि जंतुमुक्तीची हमी नसते. चाचणीच्या घाण्याला चालेल, लोकांना द्यायच्या घाण्याला नको. मेडिकलमध्ये "स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन"ची बाटली मिळते, ती घ्या. आरओमध्ये क्षार कमी होतात, शून्य होत नाहीत, आणि टाकीत पाणी साठून राहतं. तेच वापरायचं तर ०.१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए घाला, उरलेलं कॅल्शियम ते पकडून ठेवतं. कुठलंही पाणी असो, ७५ ला २० मिनिटं धराच.

पाव_किलो

तपासणी अशी: घाणा झाल्यावर दोन दिवस हात लावू नका. सेटिल अल्कोहोलची जाळी बसायला २४ ते ४८ तास लागतात, पहिल्या संध्याकाळचा दाटपणा खरा नसतो. मग तीन छोट्या पारदर्शक बाटल्या भरा.

एक कपाटात, महिनाभर. एक उबेत, ४० ते ४५ अंशांवर. ऊन नको, बाटली एका बाजूनेच तापते. झाकणाच्या थर्मासमध्ये ४५ चं पाणी भरून त्यात उभी ठेवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, आठवडाभर. तिसरी २४ तास फ्रीझरमध्ये, २४ तास बाहेर, अशा तीन फेऱ्या. तुमची कोकम-खोबरेलाची जोडी फसलीच तर या तिसऱ्या बाटलीत आधी फसेल.

रोज मागे काळा कागद धरून टॉर्च मारा आणि दोन जागा बघा. तळाशी काचेसारखी स्वच्छ पाण्याची रेघ आली तर फूट सुरू झाली. वरच्या बाजूला जरा दाट, पिवळसर पट्टा आला आणि हलवल्यावर परत मिसळला, तर थेंब फुटले नाहीत, साय धरल्यासारखे वर आलेत. तेव्हा इमल्सिफायर वाढवायचा नाही. थेंब मोठे राहिलेत, म्हणून ब्लेंडरची एखादी फेरी वाढवा किंवा झँथन ०.२ चं ०.३ करा. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर चढायचा वेग चौपट कमी होतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो.

सोळाआणे

बरणीऐवजी पंपाची बाटली द्या, ओली बोटं आत जात नाहीत. बाटल्या भरण्याआधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून खळबळून पूर्ण वाळवा. वर तारीख आणि जिन्नस लिहा, तिळाची अॅलर्जी असणारे असतात. नातेवाइकांपुरतं ठीक, पण पैसे घेऊन विकायला काढलंत तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो आणि तो राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) घ्यावा लागतो.

कोयरी

३०० ग्रॅमचा घाणा उद्या लावते. कोकम २ वर ठेवते. तीन बाटल्यांचं काय झालं ते चौदा दिवसांनी इथेच लिहीन.

पाव_किलो

फ्रीझरच्या बाटलीवर वजनही लिहून ठेवा. आणि तोंडापर्यंत भरू नका, पाणी गोठताना फुगतं.